शुगर नॉर्मल, पण रक्तवाहिन्यांचं काय?

मधुमेहाचा रिपोर्ट हातात पडला की नजर आधी जाते उपाशीपोटीच्या साखरेवर. आकडा बरा दिसला की कागदाची घडी होते आणि पुढचे सहा महिने कुणी तो उघडत नाही. वास्तविक तो आकडा फक्त त्या सकाळचा असतो. आदल्या दिवशी गोडधोड टाळलं, गोळी वेळेवर घेतली की तो सुधारतो. आणि तपासणीच्या आधी दोन दिवस शिस्तीत राहणारे पेशंट परभणीत काय, सगळीकडेच आहेत. मधुमेहात माणसाचं खरं नुकसान होतं ते रक्तवाहिन्यांमधून. डोळ्याचा पडदा खराब होणं, किडनी निकामी होणं, तळपाय बधिर होणं यामागं बारीक वाहिन्यांची पडझड असते. हार्ट अटॅक, लकवा आणि पायाचं गँगरीन मोठ्या वाहिन्यांमुळं होतं. हे सगळं दहा-दहा वर्षं न दुखता चालतं. मग दुखायच्या आधी ते कळेल अशी काही तपासणी आहे का?

आहे. एक नाही, बऱ्याच आहेत, आणि घोटाळा तिथंच होतो. परभणीत किंवा सेलू, जिंतूर, गंगाखेडला रक्त द्या. साध्या तपासण्या तिथंच होतात, नाव जरा अवघड असलं की नमुना मोठ्या शहरातल्या लॅबला जातो आणि रिपोर्ट मोबाइलवर येतो. होमोसिस्टीन, एचएस-सीआरपी, लायपोप्रोटीन-ए, अपोबी अशी नावं त्यात असतात. 'सत्तर तपासण्या एकदम' अशी पॅकेजंही असतात. त्यातलं काय करायचं, काय सोडायचं आणि आलेल्या आकड्याचं पुढं काय करायचं, एवढ्यासाठी हा लेख. माझं मत आधीच सांगून टाकतो: ज्या तपासणीनं तुमचा उपचार बदलणार असेल तीच करा. अशा तपासण्या चार-पाचच आहेत, त्या महागही नाहीत, आणि त्यातली सगळ्यात लवकर इशारा देणारी तपासणी रक्ताची नाहीच, लघवीची आहे.

'शहरातला आजार' हा गैरसमज आता कुणाचा उरलेला नसावा. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचा पहिला टप्पा २०११ साली प्रसिद्ध झाला तेव्हा महाराष्ट्रात प्रौढांमध्ये मधुमेहाचं प्रमाण ८.४ टक्के निघालं होतं, शहरात १०.९ आणि ग्रामीण भागात ६.५. त्याच पाहणीचे संपूर्ण देशाचे आकडे २०२३ साली आले: मधुमेह ११.४ टक्के, म्हणजे दहा कोटींहून जास्त माणसं, आणि उच्च रक्तदाब ३५.५ टक्के. हे दोन्ही एकाच माणसाला असले की वाहिन्यांची झीज आणखी वेगानं होते असं समजून चाला.

आता बिघडतं काय ते पाहू. रक्तवाहिनीच्या आतून पेशींचा एकच पातळ थर असतो. त्याला एंडोथेलियम म्हणतात. जायकवाडीचा डावा कालवा ज्यांच्या शिवारातून जातो त्यांना अस्तरीकरणाचं महत्त्व सांगायला नको. अस्तर धड असेल तर पाणी पुढं सरकतं. तडे गेले की ते झिरपून कडेची जमीन चिबाड होते आणि टेलच्या गावाला पाणी पोचत नाही. वाहिनीचंही तेच. फरक एवढाच की हे अस्तर जिवंत आहे. ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतं, त्यानं वाहिनी सैल राहते आणि रक्त गुठळी न होता वाहतं. वाहिन्यांमधल्या या वायूचं काम उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना १९९८ चं नोबेल मिळालं. रक्तातली साखर सतत चढी राहिली की हा वायू कमी पडतो, अस्तराच्या पेशी सुजतात, त्यांच्या पृष्ठभागावर चिकट रेणू उगवतात, पांढऱ्या पेशी त्यांना अडकून आत शिरतात. मागोमाग कोलेस्टेरॉल शिरतं. बारीक वाहिन्यांमध्ये अस्तर गळायला लागतं आणि रक्तातलं जे बाहेर जायला नको ते जातं.

या चिकट रेणूंचे तुकडे रक्तात सुटतात आणि ते मोजता येतात. व्हीकॅम-१, आयकॅम-१, ई-सिलेक्टिन ही त्यांची नावं. दुखावलेलं अस्तर व्हॉन विलब्रँड फॅक्टर नावाचं प्रथिनही जास्त सोडतं. मधुमेहींच्या रक्तात यांचं प्रमाण जास्त असतं हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे आणि आजार समजून घ्यायला संशोधकांना त्यांचा उपयोग आहे. तुम्हाला नाही. कारण यातल्या कुठल्याच आकड्याची 'इथपर्यंत ठीक, याच्यापुढं ही गोळी' अशी सर्वमान्य रेषा ठरलेली नाही. साधा ताप, दाताचं दुखणं, सांधेदुखी यांनीही हे आकडे हलतात. कुणी पॅकेजमध्ये देऊ केले तर पैसे वाचवा.

गळणारं अस्तर पकडायचा सोपा रस्ता मात्र आहे. किडनीत बारीक वाहिन्यांचे लाखो गुंते असतात आणि तिथून रक्त गाळलं जातं. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन त्या गाळणीतून सहसा जात नाही. अस्तर बिघडलं की ते थोडं थोडं लघवीत यायला लागतं. डेन्मार्कच्या मोगेन्सेन यांनी १९८४ साली दाखवलं, की लघवीत अगदी किंचित अल्ब्युमिन सापडलेल्या मधुमेहींमध्ये पुढच्या काळात मृत्यूचं प्रमाण जास्त असतं. पुढं १९८९ मध्ये तिथल्याच स्टेनो केंद्रातल्या डॉक्टरांनी नेमकं म्हटलं: लघवीत अल्ब्युमिन दिसलं म्हणजे एकट्या किडनीचं बिघडलेलं नसतं, अंगभरच्या वाहिन्यांना झळ लागलेली असते. अंगभरच्या वाहिन्यांची खबर किडनीच्या दारात मिळते ती अशी.

या तपासणीचं नाव लक्षात ठेवा: युरिन अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो. डॉक्टर आणि लॅबवाले तिला 'एसीआर' किंवा 'मायक्रोअल्ब्युमिन' म्हणतात. चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवायची गरज नाही, एका छोट्या डबीत नमुना पुरतो. आकडा ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली असेल तर ठीक. ३० ते ३०० म्हणजे अस्तर गळायला लागलंय, आणि नीट उपचार केला तर इथून मागं फिरता येतं. ३०० च्या वर म्हणजे गाळणीचं बरंच नुकसान झालं. टाइप २ मधुमेह असेल तर निदान झालं त्याच वर्षी आणि नंतर दर वर्षी ही तपासणी करावी. लहान वयात इन्शुलिनवर गेलेल्या टाइप १ च्या मुलांना पाच वर्षांनंतर दर वर्षी.

इथं एक गफलत नेहमी होते. लघवीच्या साध्या तपासणीत पट्टी बुडवून 'अल्ब्युमिन : निल' असं लिहून येतं आणि घरचे म्हणतात, किडनी चांगली आहे. ती पट्टी जरा जास्त प्रमाणात अल्ब्युमिन असेल तेव्हाच रंग बदलते. ३० ते ३०० च्या टप्प्यातला बराच भाग तिला दिसतच नाही, आणि आपल्याला पकडायचा असतो नेमका तोच. म्हणून 'निल' वाचून निर्धास्त होऊ नका, एसीआर मागा.

नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा द्या. अंगात ताप असताना, लघवीला जळजळ असताना, बायकांनी पाळीच्या दिवसांत देऊ नका. आकडा खोटा वाढतो. आदल्या दिवशी अंगमेहनत फार झाली असेल तरीही वाढतो. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना परभणी, गंगाखेडवरून जाते, तेव्हा कितीतरी मधुमेही वारकरी पायी चालतात. त्यांनी परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी लॅब गाठू नये, चार-आठ दिवस जाऊ द्यावेत. आणि एकदा आकडा वाढला म्हणून घाबरायचं नाही. तीन ते सहा महिन्यांत तीनदा तपासून त्यात दोनदा वाढलेला निघाला, तरच तो खरा मानतात.

एसीआरच्या जोडीला क्रिएटिनिन हवंच. ते रक्तातून होतं, बहुतेक सगळीकडे होतं, आणि बहुतेक जण ते चुकीचं वाचतात. समजा, रिपोर्टात क्रिएटिनिन १.१ आलंय. शेजारी 'नॉर्मल रेंज ०.६ ते १.२' छापलेलं आहे. तीस वर्षांच्या धडधाकट शेतकऱ्याला हा आकडा असेल तर त्याची किडनी उत्तम आहे. सूत्रात घालून काढलं तर गाळण्याचा वेग ९० च्या वर येतो. पण ६५ वर्षांच्या आजीला तोच १.१ असेल, तर तिचा वेग येतो ५६ च्या आसपास. ६० च्या खाली तीन महिने राहिलं तर तो किडनीचा जुनाट आजार धरतात. दोघांच्या कागदावर आकडा एकच, कुठंही लाल खूण नाही. क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं, आणि वाळलेल्या अंगाच्या म्हाताऱ्या माणसात स्नायूच कमी असतात, म्हणून आकडा साळसूद दिसतो. या गाळण्याच्या वेगाला 'ईजीएफआर' म्हणतात. बऱ्याच लॅब आता तो छापतात. छापला नसेल तर वय आणि क्रिएटिनिन सांगितलं की डॉक्टर मोबाइलवर मिनिटभरात काढून देतात. मागून घ्या. आणि ही तपासणी शक्यतो मे महिन्यात, ऊन लागून, जुलाब-उलट्या होऊन गेल्यावर लगेच करू नका. अंगातलं पाणी कमी झालं की क्रिएटिनिन वर जातं आणि विनाकारण धावपळ होते.

आता एचबीए१सी. लोक याला 'तीन महिन्यांची शुगर' म्हणतात आणि ते बरोबर आहे. तांबड्या पेशीचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं असतं, तेवढ्या काळात हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली हे त्यात कळतं. ७ टक्के म्हणजे सरासरी साखर साधारण १५४, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२. वाहिन्यांच्या नुकसानीचा हा थेट मार्कर नाही, नुकसान करणाऱ्याचा आहे. तरी त्याचं वजन मोठं. ब्रिटनमध्ये १९७७ पासून वीस वर्षं चाललेल्या यूकेपीडीएस या अभ्यासात पाच हजारांवर मधुमेही होते. त्यात एचबीए१सी दर एक टक्का कमी असण्यामागं बारीक वाहिन्यांच्या आजारांचा धोका ३७ टक्क्यांनी कमी दिसला.

पण आपल्याकडच्या बायकांच्या बाबतीत हा आकडा जरा जपून वाचावा लागतो. अंगात लोह कमी असेल तर तांबड्या पेशी जुन्या होईपर्यंत फिरत राहतात, त्यांना साखर जास्त दिवस चिकटत राहते आणि एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त येतो. हिमोग्लोबिन ८-९ असलेली बाई आपल्या गावांत दुर्मीळ नाही. तिचा एचबीए१सी ७.४ आला म्हणून लगेच गोळी वाढवली आणि पुढं दुपारी कापूस वेचताना तिला घाम सुटून चक्कर आली, तर दोष साखरेचा नसतो. उलट नुकताच रक्तस्राव झाला असेल, रक्त चढवलं असेल किंवा सिकलसेलसारखा आजार असेल, तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो आणि उगाच समाधान मिळतं. म्हणून एचबीए१सीसोबत हिमोग्लोबिन करा. हिमोग्लोबिन कमी निघालं तर उपाशीपोटीच्या आणि जेवणानंतरच्या साखरेवर भरवसा ठेवा. डॉक्टर कधी फ्रुक्टोसामाइन सांगतील. त्यात मागच्या दोन-तीन आठवड्यांचा हिशेब कळतो आणि हिमोग्लोबिनचा त्याच्याशी संबंध नसतो.

कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टात तर छापील 'नॉर्मल रेंज'च फसवते, कारण ती सर्वांसाठी असते, मधुमेहीसाठी नाही. एक कागद डोळ्यासमोर आणा: एकूण कोलेस्टेरॉल १९०, एचडीएल ३४, ट्रायग्लिसराइड २४०, एलडीएल १०८. एकूण २०० च्या आत, एलडीएल १३० च्या आत, सगळं हिरवं. आता १९० मधून ३४ वजा करा: १५६. याला नॉन-एचडीएल म्हणतात आणि वाहिनीच्या भिंतीत घुसू शकणारं सगळं कोलेस्टेरॉल त्यात येतं. मधुमेहीसाठी हा आकडा १३० च्या आत हवा, धोका जास्त असेल तर १०० च्या आत. म्हणजे हिरव्या रिपोर्टचा हा माणूस धोक्यात आहे. ट्रायग्लिसराइड चढं आणि एचडीएल पडलेलं, ही आपल्याकडच्या मधुमेहींची नेहमीची जोडी. अशा वेळी एकटा एलडीएल पूर्ण गोष्ट सांगत नाही. अपोबी ही तपासणी हेच जास्त नेमकं सांगते. परवडत असेल तर करा, नाहीतर वजाबाकी फुकट आहे.

'मी तर सडपातळ आहे, मला कशाचं कोलेस्टेरॉल,' हे उत्तर ठरलेलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. भारतीय माणूस बारीक दिसतो आणि आत चरबी बाळगतो, हे त्या एका फोटोनं जगाला पटवलं. तेव्हा वजनकाट्यापेक्षा कमरेचा टेप खरा. बेंबीच्या रेषेत पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईची ८० च्या वर असेल तर लिपिड तपासायला कारण शोधू नका.

एचएस-सीआरपी अंगातली सूज दाखवतं. १ च्या खाली धोका कमी, ३ च्या वर जास्त, १० च्या वर असेल तर कुठंतरी जंतुसंसर्ग असू शकतो, तो बरा झाल्यावर पुन्हा करा. मधुमेहीला कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी बहुधा तशीही लागतेच, त्यामुळं या आकड्यानं फार काही बदलत नाही. लायपोप्रोटीन-ए मात्र आयुष्यात एकदा करून ठेवावी. ती आईबापांकडून येते, खाण्यापिण्यानं फारशी हलत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा करायची नसते. घरात कुणाला पन्नाशीच्या आत अटॅक आला असेल तर नक्की. ५० मिलिग्रॅमच्या वर निघाली तर बाकीच्या गोष्टींत डॉक्टर जास्त कडक होतील, एवढा तिचा उपयोग.

होमोसिस्टीनवर जरा थांबू, कारण ही तपासणी आपल्या भागात भरपूर लिहून दिली जाते आणि तिची महाराष्ट्रातली गोष्ट मोठी आहे. होमोसिस्टीन हे रक्तातलं एक अमिनो आम्ल. ते वाढलं की अस्तर दुखावतं, अटॅक आणि लकव्याच्या पेशंटमध्ये ते जास्त आढळतं. डॉ. याज्ञिकांच्याच गटानं पुण्यात आणि आसपासच्या खेड्यांत ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले. २००६ साली निकाल छापून आला: ६७ टक्के लोकांत बी-१२ जीवनसत्त्व कमी, ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन जास्त. शहरातल्या मध्यमवर्गाची स्थिती सगळ्यात वाईट. बी-१२ दूध, दही, अंडी, मांसमासळीतून मिळतं. शाकाहारी माणूस दूधही कमी घेत असेल तर साठा आटतो आणि होमोसिस्टीन चढतं.

मग बी-१२ आणि फॉलिक अ‍ॅसिड देऊन होमोसिस्टीन उतरवलं तर अटॅक टळतील, असं सगळ्यांनाच वाटलं. त्याच २००६ साली होप-२ आणि नॉर्व्हिट या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. होमोसिस्टीन उतरलं, पण हार्ट अटॅक आणि हृदयविकाराचे मृत्यू कमी झाले नाहीत. २०१० साली कॅनडातल्या एका चाचणीत तर किडनी बिघडलेल्या मधुमेहींना या जीवनसत्त्वांचे मोठे डोस दिले, तेव्हा त्यांची किडनी आणखी वेगानं उतरली. म्हणून 'होमोसिस्टीन वाढलंय, हे कॅप्सूल सहा महिने घ्या' असं कुणी मेडिकलवर सांगितलं तर घेऊ नका. किडनी आधीच नरम असेल तर मुळीच नाही.

पण बी-१२ ची साधी तपासणी ही वेगळी गोष्ट आहे आणि ती मधुमेहीनं करावीच. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची सगळ्यात जास्त दिली जाणारी गोळी, ती चार-पाच वर्षं घेतली की बी-१२ कमी होऊ शकतं. बी-१२ कमी झालं की पायाला मुंग्या येतात, तळवे बधिर होतात. हुबेहूब मधुमेहाच्या नसांच्या त्रासासारखं. मग पेशंट म्हणतो शुगर नसांत उतरली, डॉक्टर नसांची गोळी वाढवतात आणि खरं कारण तसंच राहतं. कमी निघालं तर बी-१२ भरून काढणं सोपं आणि स्वस्त आहे. गोळी की इंजेक्शन ते डॉक्टर ठरवतील. मेटफॉर्मिन मात्र स्वतःहून बंद करू नका.

हे सगळं करायचं कुठं? गावातल्या आशाताई तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा आरोग्याचा फॉर्म भरतात आणि उपकेंद्रात साखर, रक्तदाब बघतात. ज्या उपकेंद्रांना आधी आरोग्यवर्धिनी म्हणत, त्यांच्या पाटीवर आता आयुष्मान आरोग्य मंदिर लिहिलेलं असतं. तिथून प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुक्याचं रुग्णालय आणि पुढं परभणीचं जिल्हा रुग्णालय, अशी वाट आहे. परभणीत २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत. साखर, क्रिएटिनिन, लिपिड यासाठी खासगी लॅबला पैसे देण्याआधी तिथं विचारा. एसीआर होते का हे मुद्दाम विचारा. होत नसेल तर तेवढी एक बाहेर करा. मोठ्या पॅकेजच्या पैशात ती कितीतरी वर्षं होईल. गंमत म्हणजे 'सत्तर तपासण्यां'च्या कितीतरी पॅकेजमध्ये ही एकच नसते.

सगळे कागद एकाच फाइलमध्ये तारखेनं लावा. एका आकड्यापेक्षा चाल महत्त्वाची. एसीआर १२, मग १९, मग २८ असा चालला असेल, तर प्रत्येक कागद 'नॉर्मल' म्हणतोय आणि तरीही काहीतरी बिघडतंय. शक्य असेल तर लॅब बदलू नका, कारण दोन लॅबच्या आकड्यांत थोडा फरक पडतोच.

एसीआर खरोखर वाढला तर डॉक्टरांना एवढं विचारा: माझा रक्तदाब किती ठेवायचा, आणि टेल्मिसार्टन, रामिप्रिल या जातीची गोळी मला चालेल का? या गोळ्या रक्तदाबासोबत किडनीतली गळतीही कमी करतात. सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा तपासावं लागतं, ते विसरू नका. डॅपाग्लिफ्लोझिन ही किडनी आणि हृदय दोन्ही जपणारी गोळी. भारतात तिचं पेटंट २०२० मध्ये संपलं आणि किंमत बरीच उतरली. पूर्वी महाग म्हणून जे नाही म्हणाले त्यांनी पुन्हा विचारावं. जुलाब-उलट्या चालू असतील, खाणं बंद असेल, तर मेटफॉर्मिन, डॅपाग्लिफ्लोझिन आणि रक्तदाबाच्या गोळ्या तेवढ्यापुरत्या थांबवायच्या का, हे डॉक्टरांना फोन करून विचारा. हे सगळं एकत्र केलं तर काय होतं, हे डेन्मार्कच्या स्टेनो-२ अभ्यासात दिसलं. लघवीत अल्ब्युमिन येणारे १६० मधुमेही घेतले. निम्म्यांची साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल तिन्ही एकदम कडक सांभाळलं. सरासरी पावणेआठ वर्षांनी त्यांच्यात हृदयाचे आणि वाहिन्यांचे प्रसंग निम्म्यावर आले होते.

आणि किडनी जपणाऱ्या या गोळ्या घेऊन वर डायक्लोफेनॅक खायचं नाही. कंबर दुखली, गुडघा दुखला की मेडिकलवरून आणलेली ती गोळी अनेक किडन्यांना महाग पडते. तंबाखूचं तर काय सांगायचं! गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि पुडी पानटपरीवर आजही मिळते. अस्तराला साखरेइतकाच तंबाखू खातो, मग तो ओढा, चघळा किंवा मिश्री म्हणून दाताला लावा.

रक्त-लघवी काही गोष्टी सांगू शकत नाहीत. डोळ्याचा पडदा ही अंगातली एकमेव जागा जिथं बारीक रक्तवाहिन्या सरळ डोळ्यांनी दिसतात. तेव्हा वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या, चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे ती तपासणी नव्हे. पावलाची नाडी लागते का, नायलॉनच्या तंतूचा स्पर्श कळतो का, हेही वर्षातून एकदा. चप्पल काढायला डॉक्टरांनी सांगितलं नाही तर तुम्हीच काढा. छातीत दाब येऊन घाम फुटला, तोंड वाकडं झालं, हातातला जोर गेला किंवा पायाचं बोट काळं पडलं, तर मात्र कुठल्याही मार्करची वाट बघायची नाही. १०८ ला फोन लावा आणि रुग्णालय गाठा.

पुढच्या खेपेला दवाखान्यात जाताना एका चिठ्ठीवर एवढंच लिहून न्या: एसीआर, क्रिएटिनिन आणि ईजीएफआर, एचबीए१सी आणि हिमोग्लोबिन, लिपिड, बी-१२. डॉक्टरांच्या टेबलावर ती चिठ्ठी ठेवा आणि विचारा, यातलं माझं या वर्षी काय राहिलंय. बहुतेकांचं एसीआर राहिलेलं निघतं.